बोटांना न पोचलेला निरोप

उत्तनच्या किनाऱ्यावर बोटींची नावं लिहायची ती कॅजिटननंच. पावसाळ्यात बोटी वाळूवर ओढल्या की तो रंगाचे डबे घेऊन त्यांच्या सावलीत बसायचा. ब्रश फिरायचा, आणि तो अर्धवट झोपेत असल्यासारखा नुसता बघत राहायचा. अशी वीस वर्षं गेली.

२००६ साली ॲलनच्या बोटीवर ‘कृपामाता’ लिहिताना त्याची करंगळी आणि शेजारचं बोट तळव्यात वळलं. रंग ओघळला. ब्रश खाली ठेवला, बोटं सरळ झाली. उचलला, पुन्हा वळली. घरी मात्र त्याच हातानं त्यानं माशाचे काटे काढले, शर्टाची बटणं लावली.

“हाताला कायबी झालं न्हाय,” बायको बर्नडेट म्हणाली. “थकलास तू.”

चार महिने विश्रांती घेऊनही फरक पडेना. शेवटी दोघं मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात गेली. डॉक्टर नीलिमांनी त्याच्या हातात ब्रश दिला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

“मेंदूतल्या काही पेशी ‘हल’ म्हणतात, काही ‘थांब’,” त्या म्हणाल्या. “एक बोट हलतं तेव्हा शेजारच्यांना थांबायचा निरोप जावा लागतो. तुमचा तो निरोप क्षीण झालाय.”

“मग जेवताना कसा पोचतो?”

“तो सगळीकडे सारखा नसतो. मेंदूच्या एका भागात जोरात, दुसऱ्यात हळू. कामागणिकही बदलतो. वर्षानुवर्षं तीच बारीक हालचाल केली की कधी कधी असं होतं. का, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही.”

कॅजिटनला ते ऐकून उगाच बरं वाटलं. परतताना तो आपल्या हाताकडेच बघत होता.

एका दुपारी वाळूत उताणा पडून तो आभाळावर अक्षरं काढत होता, खांद्यापासून अख्खा हात फिरवत. बोटं वळली नाहीत. तो उठला, ब्रश लांब काठीला बांधला, आणि ॲलनच्या बोटीपासून दूर उभं राहून ‘कृ’ काढला. मोठा, पसरट. हळूहळू नाव पुरं झालं.

ॲलन येऊन बघत राहिला. “डुलतात रे ही अक्षरं!”

“पुसू?”

“न्हाय. राहू दे.”

बोटींवरचे बारीक नोंदणी नंबर मात्र कॅजिटनला पुन्हा कधी जमले नाहीत. ते बर्नडेट लिहायला लागली. तिचा आठ नेहमी एका बाजूला कलायचा. कॅजिटन शेजारी बसून, डोळे अर्धे मिटून, तिचा हात बघत राहायचा.