चेंडूच्या मापाचं जाळं

मामाकडे राहायला जायचं म्हणजे आधी फाटक उघडता आलं पाहिजे. कडी असूनही तो फाटकाला दोरीची गाठ मारतो, आणि त्याने मारलेली गाठ दुसऱ्या कुणाच्या बापाला सुटत नाही. या वेळीही मी बॅग घेऊन उन्हात झगडत राहिले. शेवटी मामीने येऊन फाटकच बिजागरीतून उचलून बाजूला ठेवलं. "रोजचंच आहे," ती म्हणाली.

मामा मासेमारीची जाळी विणतो. विणायचा, म्हणायला हवं. हल्ली होड्यांवर कारखान्यातली तयार जाळी आली. फाटली की टाकायची. तेव्हापासून मामा पडवीत बसून घरातल्या धडधाकट वस्तू दुरुस्त करायचा. मामीची बाजाराची पिशवी त्याने इतकी दुरुस्त केली की तिच्यात हात जाईना. बोलणंही आटलं होतं. "हा माणूस असाच गप्प राहिला तर मला वेड लागेल," असं मामी फोनवर म्हणाली. एरवी रडगाणं गाणारी बाई नाही ती. म्हणून तर मी आले होते.

आणि नेमकं तेव्हाच बर्फाच्या कारखान्यातल्या फुटबॉल टीमला गोलसाठी जाळं हवं झालं. घरात लगीनघाई उडाली. त्यांच्या कप्तानाला सगळे लादी म्हणतात. मामाने त्याला एकच प्रश्न विचारला, "चेंडू केवढा?" लादीने चेंडू आणून दिला. मामाने तो उलटासुलटा करून नीट मापला. विणताना दोरा कापून द्यायचं काम मामीचं.

"गाठीजवळ कापू नकोस गं, बोटभर शेपूट ठेव. मला धरायला बरं पडतं."

"लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ऐकतेय," मामी म्हणाली.

पहिल्याच सामन्यात गोल झाला आणि चेंडू जाळ्यात निम्मा शिरून घट्ट बसला. ओढून निघेना. जन्मभर मामाने एकाच हिशेबाने जाळी विणली होती: माशाचं डोकं आत जावं आणि परत निघू नये. चेंडूलाही त्याने तोच न्याय लावला होता. मी हसून हसून बेजार. खेळ थांबला, मामाला बोलावणं गेलं. तो ऐटीत आला आणि एका बाजूने अंगठा दाबून त्याने चेंडू सोडवला. मग रोज संध्याकाळी स्वारी गोलमागे खुर्ची टाकून बसू लागली. जन्मात चेंडूला पाय न लावलेला माणूस, पण गोलकीपरला अक्कल शिकवू लागला. मी रजा वाढवून घेतली. असा तमाशा सोडून जायचं कुणी?

पण एक दिवस लादी चाचरत म्हणाला, "मामा, गोल झाला की दर वेळी खेळ थांबतो हो. भोकं जरा लहान केलीत तर?"

मामाने मुकाट्याने दुसरं जाळं विणलं. उत्तम विणलं. चेंडू आपटायचा आणि खाली पडायचा. मामाला कुणी हाक मारीना. तो खुर्ची उचलून घरी आला आणि पडवीत बसला. मामीने चहाचं विचारलं, तर त्याने नुसती मान हलवली. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी लादी धावत आला. "मामा, जाळ्याला हे एवढं भगदाड! चेंडू आरपार जातोय!"

मामा अनवाणीच निघाला, मागोमाग मी. त्याने भगदाडाच्या कडेने बोटं फिरवली. गाठी सगळ्या शाबूत होत्या, आणि प्रत्येक गाठीला बोटभर शेपूट होतं. तो बराच वेळ ती शेपटं हातात धरून उभा राहिला.

"कशाने फाटलं असेल हो?" लादीने विचारलं.

"चेंडूने. तुम्ही फार जोरात मारता. हे असं होतच राहणार. मला रोज येऊन बघावं लागेल."

आम्ही घरी आलो तेव्हा मामी मोरीत मासे कापायची सुरी घासत होती.

"पुढच्या वेळी एवढं मोठं नको गं," मामा म्हणाला. "दोन-चार भोकं पुरे."

मामीने वर पाहिलं नाही. "शेपटं पुरली ना धरायला?"