इर्माच्या दारच्या दोन पायऱ्या

इर्मा हॉलबर्टने मेसा शहरातल्या शाळेत पोरांचं जेवण रांधण्यात उमेदीची वर्षं घालवली. निवृत्त झाली आणि नवऱ्याला, वर्ननला, अर्धांगवायू झाला. घराला दोन पायऱ्या. मी सुतारकामातला, शेजारचा. लाकडी रॅम्प करून दिला. एकही खिळा नाही, सगळे स्क्रू. वर्नन सकाळी ऊन चढायच्या आत चाकाच्या खुर्चीतून फुटपाथपर्यंत यायचा आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांना टोमणे मारायचा. तेवढ्यावर माणूस तग धरून होता.

मग सोसायट्यांचे प्रश्न ऐकायला आमदार येणार असं ठरलं. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षाने, डग फेनिमोरने, आदल्या दिवशी माणसं पाठवून रॅम्प काढून नेला. रस्त्यावरून दिसेल असं लाकडी बांधकाम दारात नको, असा नियम. स्क्रू फिरवायचेही कष्ट नकोत, पहारीने उपटला. उंबऱ्याचं सिमेंटही फोडलं. असं काम करणाऱ्याची मला किळस येते.

सभा क्लबहाउसमध्ये. प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणलेला. इर्मा उभी राहिली.

"आमदारसाहेब, माझा नवरा घरात कोंडलाय."

"वाईट वाटलं, मॅडम. कायदा तुमच्याच बाजूनं आहे. तक्रार करा, वर्षभरात निकाल लागेल."

"तोवर खिडकीत बसवू त्याला? कुंडीसारखा?"

आमदाराने डगला विचारलं, "हा नियम केला कोणी?"

"ह्या सगळ्यांनीच," डग हसला. "दरवर्षी सभेला हॉटडॉग खायला येतात आणि आपलं मत मीच वापरावं म्हणून सही करून माझ्या हातात देऊन जातात. इर्मासुद्धा."

खोटं नव्हतं. सभेला तासभर बसायचं कोणाला होतं?

"दिलं. गाढवपणा केला," इर्मा म्हणाली. "आता इथं सगळे आहेत. रॅम्प परत हवा त्यांनी हात वर करा."

माझा हात वर गेला. बाकीचे हात ताटांत. सगळे डगकडे बघत होते, डग आमदाराकडे.

"सोसायटीच्या अंतर्गत कारभारात मला पडता येत नाही," आमदार म्हणाला आणि त्याने पीच भरलेल्या गोड पाईचा आणखी एक तुकडा घेतला.

पाई इर्माने करून आणलेली होती. तिने त्याच्या पुढ्यातून भांडं उचललं. "चमचा ठेवा खाली, साहेब." आणि चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिचा उंबरा दुरुस्त करत होतो. समोरचा क्लेटन मागच्या दाराने आला. आवाज खाली.

"इर्मा, आम्ही तुझ्याच बाजूचे आहोत गं. फक्त डगला कळू देऊ नकोस."

मला थुंकावंसं वाटलं. इर्माने ॲप्रनला हात पुसले.

"बाजूचा आहेस ना? मग खुर्चीची ती बाजू धर."

"पुढच्या दारानं?"

"दुसरं कुठलं?"

क्लेटनने धरली, दुसरी मी. मान सारखी डगच्या घराकडे. पहिल्याच पायरीवर धापा टाकायला लागला.

"जपून रे," वर्नन मोठ्याने ओरडला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "आणि उद्याही ये, क्लेटन! हीच वेळ!"