कोणाकडे? माहेरी

गुडघ्याचा पट्टा घ्यायला आत्या माझ्या औषधाच्या दुकानात पहिल्यांदा आली, तेव्हा तिच्या पाठीवर मुलाची कॉलेजातली जुनी सॅक होती, लुगडं वर खोचलेलं आणि पायात कॅनव्हासचे बूट. पट्टा ताणून बघत तिने विचारलं, "यो डोंगर चढताना घसरनार नाय ना?"

मी डॉक्टरांची चिठ्ठी वाचली. "अहो आत्या, जिनासुद्धा चढू नका म्हणून लिहिलंय की इथे!"

"जिन्याचं बोलला तो. डोंगराचं काय बोलला नाय."

झालं! त्या दिवसापासून आमच्या पनवेलच्या गल्लीत ती सॅकवाली आत्या झाली.

तिचं सासर नेरे गावाच्या पुढे, अगदी डोंगराच्या पायथ्याला. माहेर डोंगरापलीकडे, कर्जतच्या अंगाला. लग्नात वऱ्हाड तिला घेऊन डोंगर उतरून आलं होतं. भाऊबिजेला ती त्याच वाटेने चालत म्हाताऱ्या भावाला ओवाळायला जायची. पहाटे निघायचं, दिवस मावळताना पोचायचं. मुलगा गाडी काढून दारात उभा, सून विनवण्या करतेय, पण ही आपली सॅक भरतेय. नवे तांदूळ, सुकट, करंज्या, ओवाळणीचं ताट, सगळं मिळून दहा किलो तरी असेल. "गाडीत बसले तं मी पोचंन रं, पन वाट मरंल," असं म्हणून ती चालू पडायची.

तिचं म्हणणं काही वेड्यासारखं नव्हतं. वाटेवरची शेतं विकली गेली, मुंबईच्या एका शेठचं फार्महाऊस झालं, भिंत आली आणि नेमकी वाटेवर फाटक आलं. पहिल्याच वर्षी वॉचमनने तिला अडवलं. "माताजी, एंट्री करनी पड़ेगी." दुसरं कुणी भांडलं असतं. आत्या त्याच्या स्टुलावर बसली, वही ओढून घेतली आणि एकेक अक्षर टपोरं काढत लिहिलं. नाव, गाव, वेळ. 'कोणाकडे' या रकान्यात लिहिलं, 'माहेरी'. शेठच्या बंगल्यात हिचं कसलं आलंय माहेर! पण 'माहेरी' म्हणजे काय ते वॉचमनला कळलं नाही, त्याने मान डोलावून फाटक उघडलं.

एका वर्षी मी हट्टाने तिच्याबरोबर गेले. मला वाटलं होतं, म्हातारीला सांभाळून नेऊ. कसलं काय! पहिल्याच चढाला माझा जीव घशाशी आला. मी मोठेपणाने म्हटलं, "आत्या, तुमची सॅक देता का थोडा वेळ?" ती माझ्या लाल तोंडाकडे बघून खो खो हसली. "माजं वझं मी वाईन. तुजं तू वाय, बाय. आनि बोलू नको, दम जातो." निसरड्या कातळावर तिने बूट काढून गळ्यात अडकवले आणि अनवाणी चढून गेली. मी चारी पायांवर. माथ्यावर भाकरी-सुकट खाताना तिने खाली पनवेलकडे बोट केलं. नजर जाईल तिथवर इमारती. "तिकडं पन आमच्या वाटा व्हत्या," ती म्हणाली. "मानसं चालायची थांबली, म्हनून गेल्या. ही मी जाऊ देनार नाय."

पुढे शेठने वाट कायमची बंद करायला तहसील कचेरीत अर्ज केला. पाहणीला साहेब आले, शेठ आला, गाव जमलं. शेठचा वकील फाटकातच उभा राहून सांगू लागला, "साहेब, इथून कोणाचीही ये-जा नाही. कधीच नव्हती." आत्या पुढे झाली. "तुमच्याच टेबलावरची वही बगा की." वॉचमनने शेठकडे न बघता जुन्या वह्यांचा गठ्ठा आणून ठेवला. साहेब पानं उलटत गेले. सात भाऊबिजा, सात ओळी. माहेरी, माहेरी, माहेरी. साहेबांनाच हसू आवरेना. वाट उघडी राहिली. असा आनंद मला माझ्या दुकानाच्या उद्घाटनालाही झाला नव्हता!

पण शेठ कच्च्या गुरूचा चेला नव्हता. पुढच्या भाऊबिजेला टेबलावर वहीच नाही! वॉचमनही नवा. जायचं तर जा, नोंद नको. "हुशार झाला गो शेठ," परत आल्यावर दुकानात आत्या मला म्हणाली, आणि सॅकमधून शंभर पानी वही काढून दाखवली. तिने स्वतः रकाने आखले होते. पहिल्या ओळीत तिची नोंद होती, शेजारी नव्या वॉचमनची सही.

यंदा श्रावणात आत्या गेली. गुडघे शेवटपर्यंत शाबूत होते, दगा दिला छातीने. मला फार रडू आलं, आणि रागही आला. शेठला वाटलं असेल, सुटलो. दिवसकार्य झाल्यावर सुनेने सॅक माझ्या दुकानात आणून ठेवली. वही आतच होती.

भाऊबिजेला दुकान बंद ठेवून मी सॅक भरली. आत्याचा भाऊ पलीकडे वाट बघत होता, मी येतेय असं त्याला कळवलंच होतं. फाटकाशी वॉचमन म्हणाला, "जाओ मॅडम, एंट्री नहीं लगती."

"तुला नसेल लागत. मला लागते," असं म्हणून मी त्याच्या स्टुलावर बसले. दुसऱ्या ओळीत नाव लिहिलं, गाव पनवेल, वेळ सहा वाजून दहा मिनिटं. 'कोणाकडे' या रकान्याशी क्षणभर थांबले. माझं माहेर पेणला. मग आत्यासारखंच टपोरं अक्षर काढून लिहिलं, 'माहेरी'.

आणि वही त्याच्यापुढे सरकवली. "कर बाबा सही. पुढच्या भाऊबिजेलाही येणार आहे मी."