चंदेरी रंगाखालचा गंज: केडगाव ते बेलापूर, मूर्तीसोबत

मूर्ती आमच्याच ट्रकमधून येईल, असं मी फोनवर बोलून बसले आणि हा प्रवास अंगावर घेतला.

बेलापूर माझं माहेर. तिथल्या आमच्या वस्तीनं स्वतः राबून नवा बुद्धविहार बांधला. मूर्ती घडली केडगावात, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. धाकटा भाऊ दिलीप विहाराच्या समितीत आहे. तो म्हणाला, "आक्का, मूर्ती आणायला नवा टेम्पो ठरवतोय. दाजींचा ट्रक आता म्हातारा झाला."

झालं! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "त्या म्हाताऱ्यानं माझी दोन पोरं इंजिनिअर केलीत. मूर्ती येईल तर त्यातूनच येईल. न्हाईतर मला बोलवू नका."

आमचे हे शेजारीच बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी रंगाचे डबे घेऊन आले. दर अशोक विजयादशमीला ट्रक धुऊन, रंगवून चौकात उभा करायची यांची जुनी रीत. या वेळी तर चार दिवस हात चालू होता. खाली बसून सायलेन्सरच्या पाईपलासुद्धा चंदेरी रंग मारला. ट्रक नवरदेवासारखा दिसायला लागला, खोटं कशाला बोलू!

सकाळी आठला निघालो. चार फुटी, पांढऱ्या दगडातली मूर्ती. खाली गाद्या, चारी बाजूंनी गोधड्या आणि घट्ट दोर. मिरवणूक चार वाजता होती. अंतर सत्तरएक किलोमीटर, कारनं दोन तासांचं. आम्ही चार धरले होते. तुम्ही जाणार असाल तर नगर शहर आणि विळदचा घाट सकाळीच मागे टाका, नंतर अवजड गाड्यांची रांग लागते. घाटाखाली वडापाव खाल्ला, पंधराला एक, मिरची फुकट आणि जहाल. राहुरीपर्यंत रस्ता कुठं लोण्यासारखा, कुठं खडबडीत. दोन्ही बाजूंना ऊस, मधेच रसवंतीच्या घुंगरांचा आवाज. केबिनमधून उंचावरून गाव बघायची मजा कारमध्ये नाही. मी राणीसारखी बसले होते.

राहुरी फॅक्टरीवरून देवळाली प्रवराकडे वळलो आणि मागचं चाक खड्ड्यात आपटलं. खण्णकन आवाज झाला. मग ट्रक असा गरजायला लागला की कडेच्या दोन म्हशी दावं तोडून पळाल्या.

"काय तुटलं?" मी ओरडून विचारलं.

"काय न्हाई, क्लॅम्प ढिला झाला आसंल!" हेही ओरडूनच बोलले.

केबिनमध्ये धुराचा वास भरला. मी ट्रक थांबवायला लावला, मागे चढून गोधडीखाली हात घातला. हौद्याच्या फळ्या चांगल्याच तापल्या होत्या. खालून तुटलेल्या पाईपची सगळी आग थेट लाकडावर येत होती. अशा स्थितीत पुढं जाणं म्हणजे मूर्तीखाली शेगडी पेटवण्यातला प्रकार. साडेदहा वाजले होते.

समोरच शंभर पावलांवर उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करणारं एक शेड दिसलं. मालक गफूरचाचा, सत्तरीचे, दाढी मेंदीनं लाल. त्यांनी पहिल्यांदा सांगितलं ते असं: "लाइट न्हाई. तीनला येनार. वेल्डिंग इसरा."

मग ते हातोडी घेऊन खाली वाकले आणि पाईपवर हलकेच एक टोला दिला. चंदेरी पापुद्रा पडला. दुसरा टोला, हातभर पाईप पापडासारखा चुरून मातीत. त्या चुऱ्यात रंगाचे थर मोजता येत होते, दर विजयादशमीचा एक.

"मालक," चाचा म्हणाले, "ह्यो पाईप न्हवता. निस्ती रंगाची नळी हुती."

यांचा चेहरा पडला. माझा पारा चढला. चार दिवस खाली बसून रंग मारलात, तेव्हा डोळे कुठं होते? हे तोंडावर आलं होतं, तेवढ्यात दिलीपचा फोन. समितीची माणसं त्याच्याभोवतीच असणार. मी चटकन ठरवलं, रस्त्यावर खापर फोडायचं. खड्डा तर खराच होता! "अरे, रस्त्यातला खड्डा..." एवढं म्हटलं, तोच यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"दिलीप, रस्त्याचा दोष न्हाई. पाईप सडलाता. मला म्हाईत हुतं. बदलायचा सोडून मी वरनं रंग मारला. चूक माजी हाय. टेम्पो पाठव. मूर्तीपरीस माजी इज्जत मोटी न्हाई."

मी बघतच राहिले. संसाराला एकतीस वर्षं झाली, या माणसाच्या तोंडून "चूक माजी" हे शब्द मी कधी ऐकले नव्हते, भाजीत मीठ स्वतःच जास्त टाकलं तरी! राग कुठल्या कुठं गेला. छाती भरून आली, डोळेही.

मग दिलीप म्हणाला, "टेम्पो घेऊन मीच येतो दाजी. दीडपर्यंत पोचतो. तवर काम झालं तर बघू."

मग काय, पदर खोचला! पाईप गार व्हायला तासभर थांबलो. तेवढ्यात चाचांच्या घरून बाजरीची भाकरी आणि ठेचा आला. जुन्या गाडीवाल्यांनो, ऐका: गार झाल्याशिवाय पाईपला हात लावू नका. मी लावला, अंगठ्याला फोड आला.

लाइट नाही म्हणून सगळं हातानं. हे पाठीवर झोपून हॅक्सॉच्या करवतीनं कापत होते, मी मोबाईलची बॅटरी धरून. सडका भाग संपतच नव्हता. कापायचं, वाजवून बघायचं, बद्द वाजलं की अजून मागं सरकायचं. शेवटी एकदाचं ठण्ण वाजलं. गंजलेले बोल्ट डिझेलमध्ये भिजवले, एक तरीही सुटेना, तो छिन्नीनं उडवला. चाचांनी अडगळीतून जरा मोठ्या मापाचा जाड लोखंडी पाईप काढला. त्याला दोन्ही टोकांना उभ्या चिरा दिल्या, जुन्या पाईपच्या दोन्ही चांगल्या टोकांवर तो बाहीसारखा चढवला आणि क्लॅम्प आवळले. जुनी टोकं ब्रशनं घासून लख्ख करायचं काम माझं, चंदेरी भुगा सगळा साडीवर. नव्या पाईपला कसलाही रंग नाही. पाईप आणि क्लॅम्प मिळून चाचांनी साडेचारशे घेतले, मजुरी घेतली नाही. म्हणाले, "मूर्तीचं काम हाय. आमचा बी हात लागू द्या."

सव्वाला इंजिन चालू केलं. गर्जना गेली, जुनी ओळखीची घरघर आली. पाचच मिनिटांत टेम्पो आला, नवा कोरा, झेंडूच्या माळा लावलेला. दिलीप उतरला. इंजिन चालू ठेवायला सांगितलं, कपड्यांची पर्वा न करता खाली वाकून पाईप बघितला, मग मागे चढून फळ्यांवर तळवा टेकवला. किती वेळ! माझा जीव टांगणीला.

"गार हायेत," तो म्हणाला. मग टेम्पोवरच्या माळा काढून आमच्या ट्रकला बांधायला लागला. यांच्या गालाला काजळी लागली होती, ते तोंड फिरवून पुसत बसले. काजळी काही निघाली नाही.

बेलापूरच्या वेशीवर साडेतीनला पोचलो. पांढऱ्या साड्यांतल्या बाया, फुलांची ताटं, पुढं भन्ते. हे पायीच्या वेगानं ट्रक चालवत होते आणि पोरींनी म्हटलेलं "बुद्धं सरणं गच्छामि" इंजिनवरूनही स्वच्छ ऐकू येत होतं. मूर्ती खाली उतरवताना दोर यांनीच सोडले. कुणी विचारलं की वाटेत काय झालं, तर हे लपवत नव्हते, सगळं सांगत होते, रंगासकट. मी शेजारी ताठ मानेनं उभी होते. माहेरात इतकी ताठ मान माझ्या लग्नातही नव्हती.

दुसऱ्या दिवशी केडगावला परतलो. साडीवरचे चंदेरी डाग काही निघाले नाहीत, फोड मात्र सुकला. आठवड्यानं एक फोन आला. राहुरीकडच्या एका गावालाही मूर्ती न्यायची होती, आणि त्यांना आमचाच ट्रक हवा होता. मी हातवारे करून सांगत होते, हो म्हणा, हो म्हणा!

"आत्ता न्हाई जमायचं," हे फोनवर म्हणाले. "गाडी अजून पुरती खालनं बघितली न्हाई. बघतो, मग सांगतो."

फोन ठेवून ते गोणपाट अंथरून ट्रकखाली शिरले. कुणाच्या नकाराचा एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता.