डब्याला बांधलेली सुतळी

अन्याय झाला तो माझ्या मायवर. तिचं नाव सुभद्रा. गेल्या वर्षी, धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतरच्या सोमवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात. मी तिथं होते. गप्प होते. म्हणून हे लिहिते.

बाकावर बसून माय डब्यात थुंकत होती. स्वतःची लाळही तिला गिळता येत नव्हती. दूध पावडरचा रिकामा पत्र्याचा डबा, कोणाला दिसू नये म्हणून वर पदर धरलेला. डॉक्टर केबिनमधून बाहेर आला. नाकाला रुमाल लावला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हे डबडं इथं चालणार नाही. गळ्यात अडकव आणि बाहेर पायरीवर बस. तुम्हा लोकांना सवय आहे."

बाकावरचे दोघंतिघं हसले.

माय खरंच उठली. पिशवीत सुतळी होती, गवताचा भारा बांधायची. डब्याच्या काठाखाली सुतळी गुंडाळली, गाठ मारली, गळ्यात घातली आणि पायरीवर जाऊन बसली. तिला वाटलं, डॉक्टरचं ऐकलं तर तो नीट तपासील.

आमच्या पणज्यांच्या गळ्यात मडकं कोणी बांधलं, हे मी चौकाचौकात माईकवर सांगितलं आहे. पत्रकात छापलं आहे. अन् माझ्या डोळ्यांदेखत माझ्या मायच्या गळ्यात डबा लटकला, तर माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. भीती. बोलले तर हा तिला हात लावणार नाही, एवढी एकच भीती.

पाच महिन्यांपासून तिचा घास अडकत होता. आम्हाला कळलं नाही, कारण तिनं कळू दिलं नाही. घरी म्हणायची, "वावरात जेवली." वावरात सोबतच्या बायांना म्हणायची, "घरूनच खाऊन निघाली." या दोन खोट्यांच्या मधे ती वाळत गेली. आमच्याकडं बाई शेवटी जेवते, चुलीकडं तोंड करून. तिच्या ताटात कोण डोकावतं? आधी भाकर वरणात भिजवली. मग नुसतं वरणाचं पाणी. मग तेही उलटून यायला लागलं. त्या डॉक्टरकडं ती चारदा एकटी जाऊन आली होती. चारही वेळा पित्ताच्या गोळ्या. अन् मी? सोनाळ्यापासून वरवट बकालपर्यंत रेशनच्या प्रश्नावर पत्रकं वाटत फिरत होते. हेही लिहून ठेवते.

तिच्या पोलक्याच्या बाह्या लोंबायला लागल्या तेव्हा मी खडसावून विचारलं. म्हणे, "गळ्यात कायतरी उभं राह्यलं, बाई." म्हणून त्या सोमवारी मी सोबत गेले.

नंबर आला. डॉक्टरनं तिला हात लावलाच नाही. खुर्चीतूनच म्हणाला, "पित्तच आहे. मशेरी सोड म्हणावं."

मायनं उभ्या जन्मात मशेरी लावलेली नाही. पण तिनं मान खाली घातली. "हाव साहेब, सोडते."

न केलेला गुन्हा कबूल केला. ते "हाव" मला सहन झालं नाही.

घशातून नळी घालून आत पाहतात, त्या तपासणीला लोक दुर्बीण म्हणतात. मी म्हणाले, "दुर्बिणीची चिठ्ठी द्या."

"डॉक्टर तू का मी?"

"तुम्ही. म्हणून तं तुम्हाले मागून राह्यली."

"हिला गरज नाही."

"मग तसं लिहा. पाच महिन्यांपासून घास उतरत नाही, आता लाळही उतरत नाही, तरी दुर्बिणीची गरज नाही. खाली सही, तारीख, शिक्का."

 निवेदनं घेऊन कचेऱ्या झिजवताना मी एकच विद्या शिकले आहे. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. सोडलं नाही. बाहेर पेशंट खोळंबले, कंपाउंडर दोनदा डोकावून गेला. शेवटी डॉक्टरनं चिठ्ठी लिहून माझ्याकडं फेकली. दोन ओळी. दोन ओळींना पाच महिने.

बाहेर येऊन मी सुतळी दातांनी तोडली. माय घाबरली. "काऊन तोडली वं? डॉक्टर रागावन ना!"

डबा मी ठेवला. डबा आजारानं दिला होता. सुतळी माणसानं दिली होती.

मोठ्या सरकारी दवाखान्यात माय दुर्बिणीलाच तयार होईना. "लोखंड लागलं का गाठ भडकते म्हणते." तिथल्या डॉक्टर बाईनं तिचा हात हातात घेतला. "मावशी, पाहिल्यानं भडकत नाही. न पाहिल्यानं वाढते." पाहिलं. अन्ननलिकेचा कॅन्सर. बाईनं मला बाजूला घेऊन विचारलं, "इतके दिवस कुठं होतात?"



आता तिच्या पोटाला नळी आहे. मी पेज गाळते, सिरिंजनं घालते. सलाईनमधून औषध झालं, मशीनचा शेक झाला. येत्या गुरुवारी पुन्हा फोटो निघेल. गाठ आटली असेल तर ऑपरेशन. आटली नसेल तर काय, ते डॉक्टर बाईनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. नळी तुंबली की माझे हात गार पडतात. माय बघते अन् टोमणा मारते, "मोर्चात तं लय वरडते, इथं काऊन कापून राह्यली?"

ती जगेल का, मला माहीत नाही. तिचे पाच महिने कोणी परत देणार नाही. पण तो दवाखाना चालू आहे, ती पायरी तिथंच आहे. आता दर सोमवारी मी त्या पायरीवर बसते. ज्याचा घास अडकतो, त्याला धरून आत नेते. चिठ्ठी हातात पडल्याशिवाय टेबल सोडत नाही.

आता तुम्ही. तुमच्या घरात जी शेवटी जेवते, तिच्यासमोर आज ताट घेऊन बसा. जेवली का, असं विचारू नका. ती हो म्हणेल. तिचा घास उतरतो का, ते डोळ्यांनी पाहा. अडकत असेल तर उद्या दुर्बिणीची चिठ्ठी मागा. नाही म्हटलं, तर ते 'नाही' लिहून मागा. सही, तारीख, शिक्का. तोवर टेबल सोडू नका.