घाट उतरताना बोललं कोण?

भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाणारी बाई. असल्या गोष्टींवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. पण आमच्या ट्रकमध्ये जे झालं ते मी एकटीनेच नाही, माझ्या मुलानेही ऐकलंय... म्हणून लिहितेय.

आमचं गाव शहापूर-मुरबाड रस्त्यावर. सासऱ्यांची बैलगाडी होती. म्हशाच्या जत्रेत बैलजोडी विकून त्यांनी आम्हा नवरा-बायकोला जुना टेम्पो घेऊन दिला. "बैल म्हातारे झाले, तुमी नाय," एवढंच बोलले. हे चालवायचे, मी पेंढा नि विटा भरायला सोबत. टेम्पोचा पुढे ट्रक झाला. मुलगा नीलेश मोठा होऊन शहापुरात बसून भाडी बघू लागला, तरी मी ह्यांच्या शेजारची सीट सोडली नाही. स्टेअरिंग मात्र धरलं असेल ते कापणी झालेल्या शेतात, हौस म्हणून.

त्या दिवशी ओतूरहून कांदा भरून माळशेज घाट उतरत होतो. दुपारचं लख्ख ऊन. अचानक हे म्हणाले, "हात जड झालाय गो." गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि माझ्या अंगावर कलंडले. तोंड वाकडं, डोळे मिटलेले.

नीलेशला फोन लावला. "आई, टोकावड्याला ॲम्ब्युलन्स उभी करतो. पण घाट चढून यायला तिला टाइम लागल. कुणाला तरी थांबव."

हात करूनही कुणी थांबेना. ह्यांचा श्वास घरघरायला लागला. मग मी त्यांना ओढून केबिनमधल्याच मागच्या बाकड्यावर निजवलं, पदर खोचला आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसले. इंजिन चालूच होतं. फोन स्पीकरवर समोर ठेवला — घाटात एरवी रेंज नसते, त्या दिवशी कशी टिकली देव जाणे.

क्लच दाबला. तेवढ्यात डाव्या कानाशी ह्यांचा आवाज आला, "दुसरा गिअर टाक. हँडब्रेक हळू सोड."

वाटलं, शुद्धीवर आले. मागे वळून बघायची सोय नव्हती.

"ब्रेकवर पाय ठेवून बसू नको, ब्रेकची हवा संपेल. दुसऱ्यातच राहू दे, इंजिन धरेल." आमटीत मीठ कमी आहे म्हणावं, तसा निवांत आवाज. मग म्हणाले, "पुढच्या वळणावर माकडं बसलीत, हॉर्न मार." वळणापलीकडचं मलाच दिसत नव्हतं... हॉर्न मारून वळले, तर रस्त्याच्या मधोमध बसलेली टोळी कठड्याकडे पळत होती.

घाट उतरला. टोकावड्याला ॲम्ब्युलन्सच्या मागे ट्रक लावला, इंजिन बंद केलं, तेव्हा कुठे मागे पाहिलं. निजवले होते तस्सेच पडलेले.

मुरबाडच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. झटका मेंदूत बोलण्याच्या जागीच बसला होता, वाचा गेली होती.

"वाटभर बोलत होते की," मी म्हटलं.

"ताई, शक्य नाही. घाबरल्यावर भास होतात."

मीही तेच मानलं असतं. पण नीलेश धापा टाकत आला तो विचारतच, "बाबा तर नीट बोलत होते, मग आता काय झालं? मी फोनवर सगळं ऐकलं... माकडांचंपण."

ह्यांची वाचा यायला कितीतरी महिने गेले. तोवर काय ट्रक दारात उभा ठेवायचा? मी रीतसर शिकले. टेस्टला आलेली पोरं हसत होती — हसू देत. जड वाहनाचं लायसन घेऊनच घरी आले. नाशिक, नगर, जेएनपीटी, सगळीकडे माल पोचवला. आता आमच्या दारात ट्रकची रांग लागते. त्यातला एक सून चालवते, दसऱ्याला आलेला नवाकोरा माझ्याकडे. त्याचा नारळ ह्यांनीच फोडला, डाव्या हाताने, एका फटक्यात.

हे आता बोलतात, शब्द शोधत शोधत. परवा विचारलंच, "त्या दिवशी घाटात बोललात ते आठवतं का?"

कपाळ चोळत म्हणाले, "हँडब्रेक ओढला... मंग काय नाय." वर म्हणाले, "तूच उतरवलीस गो."

मीच उतरवली, ते तर मी गावभर सांगते. पण माझ्या कानाशी बोललं कोण, हे ना मला सांगता येतं, ना नीलेशला, ना खुद्द ह्यांना.