आलं जरा जास्त

चहाच्या बाबतीत माणसाने तत्त्वाशी तडजोड करू नये. माझं तत्त्व म्हणजे आलं, आणि ऑफिसात त्याचा दबदबा होता. नवीन आलेल्यांना मी सांगत असे, ‘पाच ठोक्यांचं आलं, तोच चहा.’

शरणपूर रोडवरच्या गाडीवरची मावशी प्रत्येकाचं मागणं न्यायाधीशासारखं ऐकून घ्यायची. निफाडहून येणाऱ्या एका कारकुनाला कडक लागायचा. त्याचा चहा ती हात उंच करून ओतायची. माझ्यासाठी खलबत्त्यात मोजून पाच ठोके.

एकदा चष्मा खाली पडला म्हणून गाडीमागे वाकलो, तर ठोके चालू होते आणि खल रिकामा होता.

“मावशी, यात आलं कुठंय?”

“पातेल्यात हाय की. सकाळीच टाकलंय, समद्यांना सारखं.”

“मग हे ठोकता ते?”

“तुमच्यासाठी, साहेब. एकदा न ठोकता दिला, तर तुम्ही माघारी धाडला होता.”

मागे ऑफिसातले दोघं चहाची वाट बघत उभे होते. मी खालच्या आवाजात म्हणालो, “हळू बोला.”

तिने त्यांच्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि रस्त्यापलीकडे ऐकू जातील असे पाच ठोके दिले. “साहेबांचा पेशल!” दोघांनी आदराने माझ्याकडे पाहिलं.

या वयात जिभेबद्दल काही नवीन कळावं, याचा विषाद वाटला. पण सत्य कळल्यावर माणूस बदलतो म्हणतात.

काल गर्दीत तिने तीनच ठोके दिले. चहा पांचट होता.